नगरच्या छावणीतले ज्यू आणि सुरक्षेचा हिशेब

१/
सप्टेंबर १९३९. हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून हिंदुस्थानात आलेल्या ज्यू पुरुषांना ब्रिटिश सरकारने पकडले आणि अहमदनगरच्या लष्करी छावणीत स्थानबद्ध केले. त्यांचा अपराध एवढाच, की त्यांच्यापाशी जर्मन पासपोर्ट होता.

जून २०१६. त्याच भूमीवरच्या सरकारने, म्हणजे महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने, ज्यू समाजाला राज्यात अल्पसंख्याकांचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला.

या दोन प्रसंगांत ७७ वर्षांचे अंतर आहे. दोन्हींच्या तळाशी मात्र एकच प्रश्न आहे : एखाद्या लहान समाजाच्या सुरक्षेची जबाबदारी कोणाची, आणि तिचा खर्च कोणी उचलायचा? आजचा थ्रेड या प्रश्नाचा माग काढणारा आहे. त्यासाठी आपल्याला अहिल्यानगरातून, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातल्या ‘नगर’मधून, निघावे लागेल.

२/
आधी एक पार्श्वभूमी. महाराष्ट्राला ज्यू समाज परका नाही. कोकणातले बेने इस्रायल शतकानुशतके मराठी बोलत आले. त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. दिवेकर, रोहेकर, पेणकर, किहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडलेली आहेत.

मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग बांधले. पुण्याच्या कॅम्पातले ‘लाल देऊळ’, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, १८६७ चे. ते डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने उभारले.

३/
या समाजाला इथे धर्मासाठी छळ सोसावा लागला नाही, हे बेने इस्रायल मंडळी स्वतःच अभिमानाने सांगत आली आहेत. ते खरे आहे. पण ‘छळ झाला नाही’ आणि ‘राज्यसंस्थेने सुरक्षेची हमी दिली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शेजाऱ्यांच्या वागण्यावर अवलंबून असते. दुसरीसाठी कायदा लागतो, अंमलदार लागतो आणि पैसा लागतो.

शेजार चांगला असतानाही दुसरी गोष्ट कशी कमी पडते, हे पाहायला आपण आधी सोळाव्या शतकातल्या निजामशाहीत जाऊ.

४/
अहमदनगरच्या निजामशाहीचा दुसरा सुलतान बुऱ्हाण निजामशहा पहिला. त्याचा दरबार बाहेरून आलेल्या गुणी माणसांसाठी खुला होता. इराणात जिवावर बेतल्याने निघून आलेला शिया विद्वान शाह ताहिर याच दरबारात स्थिरावला, आणि त्याच्या प्रभावाखाली बुऱ्हाणने १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला.

याच सुलतानावर उपचार करायला गोव्याहून एक पोर्तुगीज वैद्य येत असे. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. १५३४ मध्ये तो भारतात आला आणि अखेरपर्यंत इथेच राहिला.

५/
ओर्ताचे आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा ते पोर्तुगालमध्ये आले. तिथे १४९७ मध्ये ज्यूंचे सक्तीने धर्मांतर करण्यात आले. अशा धर्मांतरितांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत, आणि ते घरात गुपचूप जुना धर्म पाळतात असा संशय त्यांच्यावर कायम असे.

ओर्ताने भारतीय वनस्पती आणि औषधांवर संवादरूपात ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. नगरच्या निजामशहाचा उल्लेख त्यात वारंवार येतो. सुलतान आपल्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवी आणि आपण त्याला लॅटिन नावे सांगू, असे ओर्ता लिहितो. एक सुलतान आणि एक परदेशी वैद्य शब्दांची देवघेव करत बसले आहेत, हे दख्खनच्या इतिहासातले एक लोभस चित्र आहे.

६/
बुऱ्हाणने ‘ज्यूला आश्रय दिला’ असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे ठरेल. त्याच्या दृष्टीने ओर्ता हा फिरंगी वैद्य होता, आणि चांगला वैद्य होता. ओर्ताला लाभलेले संरक्षण व्यक्तिगत मर्जीचे होते : इकडे सुलतानाची मर्जी, तिकडे गोव्याच्या गव्हर्नरांची.

१५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायपीठ, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले. तरी जिवंतपणी ओर्ताला कोणी हात लावला नाही. १५६८ मध्ये तो वारला. १५६९ मध्ये त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जाळण्यात आले. १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे उकरून तीही जाळली.

मर्जीने दिलेले संरक्षण त्याच्या स्वतःच्या आयुष्यापुरते टिकले. बहिणीपर्यंत ते पोहोचले नाही.

७/
आता तीन-साडेतीन शतके ओलांडून विसाव्या शतकात येऊ. नगर तेव्हा ब्रिटिशांचे महत्त्वाचे लष्करी ठाणे झाले होते, आणि माणसे डांबून ठेवण्याचा त्याला जुना सराव होता. दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात पकडलेले बोअर कैदी १९०१-०२ च्या सुमारास इथे ठेवले होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले जर्मन व्यापारी आणि मिशनरी याच नगरच्या छावणीत होते.

त्यामुळे दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा जर्मनांना कुठे ठेवायचे याचा सरकारला फार विचार करावा लागला नाही.

८/
दरम्यान युरोपात काय घडत होते? जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. मार्च १९३८ मध्ये त्याने ऑस्ट्रिया गिळला. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी ज्यू निर्वासितांच्या प्रश्नावर जमले. सहानुभूती पुष्कळांनी दाखवली, दार फारच थोड्यांनी उघडले. ऑक्टोबर १९३८ पासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टावर लाल रंगात ‘जे’ अक्षराचा शिक्का मारणे सुरू झाले. ९ आणि १० नोव्हेंबरला देशभर सिनेगॉग जाळण्यात आले. जानेवारी १९३९ पासून ज्यू पुरुषांना ‘इस्रायल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे जादा नाव लावणे सक्तीचे झाले.

हा शिक्का आणि हे नाव लक्षात ठेवा. नगरच्या छावणीच्या दारात त्यांचा अर्थ उलटा झाला.

९/
या काळात मुंबईच्या बंदरात जर्मन, ऑस्ट्रियन आणि इतर युरोपीय ज्यू उतरू लागले. त्यांत डॉक्टर, अभियंते, कलावंत, व्यापारी होते. मुंबईतल्या ज्यूंनी १९३४ मध्येच त्यांच्यासाठी ‘ज्युइश रिलीफ असोसिएशन’ ही संस्था काढली होती. पुढे कलकत्ता आणि मद्रास येथेही तिच्या शाखा निघाल्या.

ही संस्था निर्वासितांची राहण्याची सोय करी, काम शोधून देई आणि सरकारदरबारी त्यांची बाजू मांडी. पण तिचे सर्वांत मोठे काम वेगळे होते. तिला हमी द्यावी लागे.

१०/
हमी कशाची? ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारची निर्वासितांना येऊ देण्याची मुख्य अट अशी होती, की आलेला माणूस सरकारच्या तिजोरीवर भार होता कामा नये. त्याच्यापाशी नोकरी असावी, किंवा त्याच्या उदरनिर्वाहाची जबाबदारी कोणीतरी अंगावर घ्यावी. जामीन राहण्याचे हे काम असोसिएशनने पत्करले.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. दार उघडण्याचा अधिकार सरकारचा होता; दार उघडल्यानंतरचा खर्च समाजाचा होता. ज्याला हमीदार मिळाला तो आत आला. ज्याला मिळाला नाही, तो व्हिएन्नात किंवा बर्लिनमध्ये रांगेतच राहिला. त्या रांगेतल्या अनेकांचे पुढे काय झाले, हे आपण जाणतो.

११/
हिंदुस्थानातल्या राष्ट्रीय नेत्यांपैकी जवाहरलाल नेहरूंनी १९३८-३९ मध्ये ज्यू निर्वासितांना, विशेषतः त्यांच्यातल्या तज्ज्ञांना, इथे काम मिळावे असा आग्रह धरला. या मंडळींच्या ज्ञानाचा देशाला उपयोग होईल, हा त्यांचा मुद्दा होता.

हा आग्रह सर्वांना पटला नव्हता. इथे सुशिक्षित बेकारी होती. परक्या डॉक्टर-अभियंत्यांना जागा देताना आपल्या तरुणांचे काय, हा प्रश्न अप्रामाणिक म्हणता येणार नाही. निर्वासितांविषयीच्या जवळपास प्रत्येक वादात तो येतो. तेव्हाही आला होता.

१२/
३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारले आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात उतरल्याचे जाहीर केले. लगेच ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून जर्मन पुरुषांची धरपकड सुरू झाली. ऑस्ट्रिया आता जर्मनीचा भाग असल्याने ऑस्ट्रियनही त्यात आले.

धरपकड पासपोर्ट पाहून झाली. त्या पासपोर्टावर मारलेला लाल ‘जे’ जर्मनीच्या लेखी सांगत होता : हा माणूस आमचा नव्हे. ब्रिटिश अंमलदाराच्या लेखी तोच पासपोर्ट सांगत होता : हा माणूस जर्मन आहे. एका राज्यसंस्थेने ज्याला परका ठरवून हाकलले, त्याला दुसरीने त्याच देशाचा हस्तक समजून कोंडले.

१३/
छावणीत सोबत कोण होते, हेही पाहा. ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर नंगा पर्वताच्या पाहणी मोहिमेवरून परतताना कराचीत पकडला गेला आणि नगरला आणला गेला. पुढे देवळालीमार्गे त्याची रवानगी देहरादूनला झाली. १९४४ मध्ये तो तिथून निसटला आणि तिबेटात पोहोचला. ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’ हे त्याचे पुस्तक आणि त्यावरचा चित्रपट अनेकांना ठाऊक असेल.

हा हारर १९३८ पासून नाझी पक्षाच्या ‘एसएस’ या संघटनेचा सदस्य होता. त्याच्या पूर्वायुष्यातली ही गोष्ट १९९० च्या दशकात जगासमोर आली.

नाझींपासून पळालेला निर्वासित आणि नाझी पक्षाचा माणूस यांना १९३९ च्या नगरमध्ये एकच नियम लागू होता. पुढे देहरादूनच्या छावणीत नाझी आणि नाझीविरोधी यांचे वेगळे विभाग करावे लागले, यावरून एकत्र कोंडण्याची कल्पना किती अव्यवहार्य होती ते कळते.

१४/
चूक सरकारच्याही ध्यानात आली. स्थानबद्धांपैकी खरोखर धोकादायक कोण आणि निरुपद्रवी कोण, हे ठरवण्यासाठी सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. डार्लिंग हे पंजाबात नोकरी केलेले सनदी अधिकारी. पंजाबी शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावरचा त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासकांना लागतो.

समितीने एकेकाची चौकशी केली आणि निर्वासित ज्यूंपैकी बहुतेकांची सुटका झाली. इथेही असोसिएशन पुढे होती. हा माणूस आमच्या परिचयाचा आहे, त्याच्या वर्तनाविषयी आम्ही सांगू शकतो, असे म्हणणारे कोणी असले तर सुटकेचा मार्ग सोपा होई. आता पोटाच्या हमीला निष्ठेच्या हमीचीही जोड लागली.

१५/
सुटका कायमची ठरली नाही. मे-जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला. शत्रूला फितूर झालेले लोक आतून घात करतात, या भीतीने ब्रिटनमध्ये आणि साम्राज्यात सर्वत्र परक्यांकडे पुन्हा संशयाने पाहिले जाऊ लागले. हिंदुस्थानात सुटलेल्यांपैकी अनेकांना पुन्हा स्थानबद्ध केले गेले, किंवा पुरंदर आणि सातारा अशा ठिकाणी बायकामुलांसह बंधनात ठेवले गेले.

शिवकाळामुळे आपल्याला परिचित असलेला पुरंदर चाळीसच्या दशकात जर्मनभाषक कुटुंबांचे सक्तीचे घर झाला होता, हे दुर्गप्रेमी मित्रांनी पुढच्या फेरीत जरूर आठवावे.

१६/
एक विलक्षण नाव या संदर्भात येते. १९०० मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या लेम्बर्ग येथे ज्यू घराण्यात जन्मलेले लिओपोल्ड वाइस. १९२६ मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि ते मुहम्मद असद झाले. धर्म बदलला तरी कागदोपत्री मूळ बदलत नाही. युद्ध सुरू होताच ब्रिटिश हिंदुस्थानात त्यांना स्थानबद्ध केले गेले आणि १९४५ पर्यंत ते छावण्यांत होते. युरोपात राहिलेले त्यांचे वडील आणि बहीण नाझींच्या संहारात मारले गेले.

नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने देशाबाहेर असलेल्या ज्यूंचे नागरिकत्व एका हुकमाने काढून घेतले. म्हणजे ज्या नागरिकत्वामुळे ते कोंडले गेले होते, तेही आता उरले नाही.

१७/
तुलनेसाठी कोल्हापूरकडे पाहू. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. शाळा, चर्च, दवाखाना, नाटके, सगळे तिथे होते. कोल्हापूरने त्यांना जागा दिली, आणि खर्चाचा मुख्य भार लंडनमधल्या पोलंडच्या निर्वासित सरकारने उचलला.

पोलिश निर्वासितांचा देश हरपला होता, पण सरकार शिल्लक होते आणि त्या सरकारपाशी पैसा होता. जर्मन ज्यूंचे सरकारच त्यांच्या जिवावर उठले होते. म्हणून त्यांच्यासाठी मुंबईतल्या सहधर्मीयांना झोळी फिरवावी लागली. दोन निर्वासित समाजांच्या वाट्याला आलेल्या वेगळ्या अनुभवाचे एक मोठे कारण या हिशेबात आहे.

१८/
आणि नगरचा एक योगायोग. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या वेळी काँग्रेस कार्यकारिणीचे नेते नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले. त्यांत नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद होते. नेहरू तिथे मार्च १९४५ पर्यंत राहिले. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी तिथेच लिहिले.

निर्वासितांना काम द्या म्हणणारा नेता, तीन वर्षांपूर्वी ज्या गावात निर्वासित कोंडले गेले त्याच गावात कैदी झाला. दोन्ही वेळा सरकारने सांगितलेले कारण एकच होते : युद्धकाळातली सुरक्षा. ‘सुरक्षा’ हा शब्द कानी पडला की ‘कोणाची?’ हे विचारण्याची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याला या एका गावात लागू शकते.

१९/
स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिले. कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला. आता हमीदाराची गरज उरली नाही. पण त्याच काळात समाज आटत गेला. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढच्या दशकांत बहुतेक बेने इस्रायल तिकडे गेले. १९५१ च्या जनगणनेत देशात सुमारे २६,००० ज्यू होते. २०११ च्या जनगणनेत ४,६५० उरले. त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात.

इतक्या लहान समाजाच्या मतांना निवडणुकीत वजन नसते. म्हणूनच त्याच्याशी राज्यसंस्था कशी वागते, ही तिच्या न्यायबुद्धीची खरी परीक्षा ठरते.

२०/
परीक्षेची घडी २६ नोव्हेंबर २००८ ला आली. मुंबईवर हल्ला करणाऱ्या दहा दहशतवाद्यांपैकी दोघे कुलाब्यातल्या नरिमन हाउसमध्ये, म्हणजे छबाड या ज्यू संस्थेच्या केंद्रात, शिरले. ताज आणि ओबेरॉय ही बडी हॉटेले, सीएसटी हे गर्दीचे स्थानक. त्या यादीत गल्लीतली ही साधी इमारत कशी आली? ती शोधून निवडलेली होती. भारतात ज्यूंना ज्यू म्हणून लक्ष्य करणारा असा हल्ला पूर्वी झाला नव्हता.

रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह तिथे सहा जण मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला त्याच्या भारतीय दाईने, सँड्रा सॅम्युएल यांनी, उचलून बाहेर काढले. इमारत सोडवताना एनएसजीचे हवालदार गजेंद्रसिंह बिश्त हुतात्मा झाले.

२१/
यानंतर राज्याने आपल्या व्यवस्थेची झाडाझडती घेतली. मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी पदे सोडली. राम प्रधान समितीने पोलिसांच्या प्रतिसादाची तपासणी केली. राज्याने ‘फोर्स वन’ हे स्वतःचे कमांडो पथक उभारले. मुंबईत एनएसजीचे केंद्र आले. सिनेगॉगबाहेर पोलीस दिसू लागले, आत जाताना ओळखपत्र दाखवणे आले.

फेब्रुवारी २०१० मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला. छबाडचे पुण्यातले केंद्र तिथून जवळच होते. २००८ च्या हल्ल्याची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने पुण्यालाही भेट दिली होती, हे पुढे उघड झाले. धोका मुंबईपुरता नव्हता.

२२/
आता पैशाच्या प्रश्नाकडे परत येऊ. जगात यासाठी दोन पद्धती दिसतात.

पहिली, सरकार समाजाच्या संस्थांना अनुदान देते आणि त्या स्वतः पहारेकरी, कॅमेरे, मजबूत दरवाजे घेतात. ब्रिटनचे गृहखाते ज्यू शाळा आणि सिनेगॉगसाठी असे अनुदान देते. अमेरिकेत केंद्राची योजना आहे, शिवाय न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्नियासारखी राज्ये सर्व धर्मांच्या संस्थांना असा निधी देतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये जर्मनीतल्या हाले शहरात योम किप्पूरच्या दिवशी हल्लेखोर आला, तेव्हा सिनेगॉगचा भक्कम दरवाजा उघडला नाही म्हणून आतले पन्नासहून अधिक लोक वाचले. बाहेर मात्र दोघांचा बळी गेला. दरवाजावर केलेला खर्च म्हणजे काय, हे त्या दिवशी दिसले.

२३/
दुसरी पद्धत आपली : सरकार समाजाला पैसे देत नाही, पोलीस देते. बंदोबस्ताचा खर्च गृहखात्याच्या अंदाजपत्रकात मिसळलेला असतो, वेगळा दिसत नाही. गंमत अशी, की एखाद्याच्या विनंतीवरून जादा पोलीस दिले तर त्यांचा खर्च त्याच्याकडून घेण्याची तरतूदही १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात आहे. म्हणजे ‘संरक्षण हा हक्क’ आणि ‘संरक्षण ही विकत घेण्याची सेवा’ या दोन्ही कल्पना आपल्या कायद्यात शेजारी शेजारी नांदतात.

अनुदानाच्या पद्धतीत समाजाला आपली गरज स्वतः ठरवता येते, पण अर्ज-कागदपत्रे करण्याची ताकद असलेल्या संस्था पुढे जातात. पोलिसांच्या पद्धतीत जबाबदारी थेट राज्याची राहते, पण हल्ल्याची आठवण ताजी असेपर्यंत पहारा कडक आणि मग ढिला, असे होण्याचा धोका असतो.

२४/
२०१६ चा निर्णय या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. अल्पसंख्याकांचा दर्जा म्हणजे बंदुकधारी पहारा नव्हे. त्यातून राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाच्या योजनांचे दार उघडते, शिक्षणसंस्थांना मान्यता मिळण्याचा मार्ग सोपा होतो, आणि सरकारी नोंदीत ‘इतर’ या रकान्यातून समाज आपल्या नावाच्या रकान्यात येतो. पश्चिम बंगालने असा दर्जा आधीच दिला होता. २०१८ मध्ये गुजरातनेही दिला.

केंद्राच्या यादीत मात्र मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन असे सहाच समाज आहेत. त्यामुळे केंद्राच्या अल्पसंख्याक योजना ज्यूंना लागू होत नाहीत. एकाच माणसाला राज्य अल्पसंख्याक मानते आणि केंद्र मानत नाही. पासपोर्ट एक आणि त्याचे अर्थ दोन, ही नगरची गोष्ट इथे सौम्य रूपात पुन्हा भेटते.

२५/
वारशाच्या जतनाचेही तेच. केरळात परवूर आणि चेंदमंगलम येथील सिनेगॉग सरकारी पैशाने दुरुस्त होऊन संग्रहालये झाली. पण तिथे प्रार्थनेला माणसे उरलेली नाहीत. मुंबईत काळा घोडा परिसरातले १८८४ चे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग २०१९ मध्ये नव्या रूपात उघडले, ते मुख्यतः खासगी देणग्यांतून. तिथे अजून प्रार्थना होते. समाज गेल्यावर इमारत राखणे राज्यसंस्थेला सोपे जाते. समाज हयात असताना त्याच्यासोबत ती राखणे अधिक कष्टाचे, आणि अधिक मोलाचे.

२६/
तर सारांश. निजामशाहीच्या काळात संरक्षण मर्जीवर होते आणि ते माणसाबरोबर संपले. १९३९ मध्ये ते हमीवर होते. ज्याच्यामागे हमीदार, त्याचीच सुटका. आज ते हक्काच्या भाषेत लिहिलेले आहे. ही प्रगती खरी आहे आणि ती कमी लेखू नये. पण हक्क अंमलात येतो तो अंदाजपत्रकातल्या रकमेतून आणि दारावरच्या शिपायाच्या हजेरीतून. तिथे ढिलाई आली की समाजाला पुन्हा मर्जी आणि हमीदार शोधावे लागतात. हे सूत्र ज्यूंपुरते नाही. गावातल्या कोणत्याही दोन-चार घरांच्या समाजाला ते लावून पाहा.

२७/
नगर, देवळाली, पुरंदर, सातारा या परिसरातल्या मित्रहो, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी चाळीसच्या दशकातल्या ‘गोऱ्या कैद्यांच्या’ काही आठवणी सांगितल्या असतील : त्यांना दूध घालणारे, भाजी पुरवणारे, छावणीत काम केलेले कोणी असेल. त्या विचारून लिहून ठेवा. वर्ष, ठिकाण आणि सांगणाऱ्याचे वय यांची नोंद करा. सरकारी दप्तरात कैद्यांची नावे सापडतात. त्यांच्याशी कोण कसे वागले, हे बहुधा घरांतच सापडते.

पुढच्या थ्रेडमध्ये वळिवड्याच्या पोलिश वसाहतीविषयी सविस्तर लिहीन.